टिंबं माझ्या हातची

चौकीपुढे आमच्या वस्तीतली सव्वाशेक माणसं उकिडवी बसवली होती. बाया एकीकडे, बापे एकीकडे. सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. बायांच्या दुसऱ्या रांगेत माझी माय होती. आणि मी चौकीच्या ओसरीवर, ठाणेदार साहेबाच्या खुर्चीमागे, धुतलेला सदरा घालून, दोन्ही हातांनी एक नकाशा ताणून उभा होतो. वरून मोठा साहेब तपासणीला आला होता. त्याला नकाशा नीट दिसावा म्हणून मी हात खाली घेत नव्हतो.

मोठा साहेब बराच वेळ बघत राहिला. बोटानं लाल टिंबं मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "किसने बनाया?"

ठाणेदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इसी लड़के ने, सर. इसी बस्ती का है." मग रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चोरों का पता चोरों के घर से ही मिलता है."

मोठा साहेब हसला. शिपाई हसले. मीही हसलो.

ते हसणं मला अजून आठवतं. जबरदस्तीनं हसलो असतो तर गोष्ट वेगळी. पण मला खरंच बरं वाटलं होतं. मोठ्या साहेबापुढे माझं नाव निघालं, याचंच बरं वाटलं होतं. सव्वाशे माणसांना, माझ्या मायला, आणि मलासुद्धा, तोंडावर चोर म्हटलं होतं, आणि मी ती शाबासकी समजून घेतली. "जी साहेब" म्हणालो. मायकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती नकाशाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता.

आमची जमात कोणती ते मी इथं लिहीत नाही. लिहिली की लोक पुढचं वाचत नाहीत. त्यांना आधीच सगळं माहीत असतं.

वस्ती मात्र सांगतो. बुऱ्हाणपूरच्या परकोटाच्या बाहेर, भिंत आणि तापी यांच्यामधल्या उतारावर साठेक झोपड्या. माझ्या बापाच्या काळात सरकारी कायद्यानं आम्ही जन्मानंच चोर. पोर पाळण्यात असतानाच त्याचं नाव पोलीस थान्यात. बापाला रोज अंगठा द्यावा लागे. जवळच्या दापोरा गावी केळीचे घड कापायला जायचं तरी पास लागे, आणि पासवर जात लिहिलेली असे. बाप तो पास पागोट्यात ठेवायचा आणि घामानं भिजला की घाबरायचा. स्वातंत्र्य आलं तरी तो कायदा पाच वर्षं तसाच होता. मग एकदाचा उठला. वस्तीत गूळ वाटला. बाप तोवर मरून गेला होता.

मी सातवी पास झालेला वस्तीतला पहिला. अक्षर माझं मोत्यासारखं, हे मी नाही, शहरातल्या इतवारा पेठेतले माझे मास्तर म्हणायचे. नकाशे काढायला त्यांनीच शिकवलं. कायदा उठला त्याच्या दुसऱ्या वर्षी थान्यात लिहिणारा माणूस पाहिजे होता. मास्तरांनी शब्द टाकला आणि मी लागलो. कच्ची नोकरी, पण टेबल होतं. वस्तीतला माणूस थान्यात जातो आणि मार न खाता परत येतो, हे लोकांना नवीन होतं. माय तर शेजारणींना सांगत सुटली होती.

तेव्हाचे दिवस उलथापालथीचे. संस्थानं नुकतीच मोडून प्रांतात मिसळली होती, आणि त्यांचे अंमलदारही आमच्याकडे बदलून येत होते. अशाच एका विलीन झालेल्या संस्थानातून आमचा नवा ठाणेदार आला. दिसायला सभ्य. शिवी देत नसे. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आज से किसी की जात नहीं लिखनी. जगह लिखो. गुनाह आदमी की जात में नहीं होता, जगह में होता है."

काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाप असता तर त्याला हे वाक्य सांगितलं असतं असं वाटलं. जात नाही, फक्त जागा. जागेला काय, जागा सगळ्यांची असते, असं मला वाटलं. मी वीस वर्षांचा होतो. तेवढा बावळट होतो.

साहेबाला शहराचा मोठा नकाशा हवा होता. जिथं गुन्हा तिथं लाल टिंब. टिंबं जास्त तिथं बंदोबस्त जास्त, म्हणजे गुन्हा व्हायच्या आधीच थांबेल. बोलणं पटण्यासारखं होतं. मी महिनाभर पावलं मोजत शहर फिरलो. दरवाजे, इतवाऱ्याच्या गल्ल्या, जिनिंगचे कारखाने, घाट. चार कागद जोडून कापडावर चिकटवायचे होते, तर मायनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली. "चांगलं चिकटू दे," म्हणाली. आमची वस्ती मी कोपऱ्यात छोट्या छोट्या चौकोनांनी काढली. साठ घरं, एकही सोडलं नाही. आमच्या घराचा चौकोन काढताना थोडा मोठाच निघाला.

मग टिंबं भरायची वेळ आली. थान्यात एक जुने हेड कॉन्स्टेबल होते. सगळे त्यांना दीवानजी म्हणायचे. तक्रारींची वही त्यांनी पुढे ठेवली. पहिलीच तक्रार इतवाऱ्यातल्या एका कापडवाल्याची. कुलूप तोडून कापडाचे चार तागे नेलेले. मी इतवाऱ्यावर बोट ठेवलं. दीवानजींनी माझं मनगट धरलं.

"वहाँ नहीं. तलाशी कहाँ हुई?"

झडती आमच्या वस्तीत झाली होती. सापडलं काहीच नव्हतं. पण झडती तिथंच झाली होती.

"तो बिंदी वहीं."

मी म्हटलं, चोरी तर दुकानात झाली. दीवानजी हसले, पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "चोरी जहाँ हुई वहाँ सेठ रहता है. उसके दरवाज़े पर लाल बिंदी लगाएगा? बुरा मान जाएगा बेचारा."

मला ते विनोदी वाटलं. मी हसलो आणि टिंब वस्तीत लावलं.

असं एक नाही. त्या वहीत कितीक तक्रारी होत्या, आणि थान्याची रीतच अशी होती की शहरात कुठंही काही गेलं की पहिली झडती आमच्याकडे. झडती आमच्याकडे म्हणून टिंब आमच्याकडे. टिंबं आमच्याकडे म्हणून पुढची झडती पुन्हा आमच्याकडे. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. सातवी शिकलेल्याला एवढं कळतं. पण टेबल सुटेल याची भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही जास्त, साहेब जवळ येऊन "वाह" म्हणायचे त्याची गोडी लागली होती. नकाशा पुरा झाला तेव्हा इतवारा स्वच्छ पांढरा होता आणि आमचा कोपरा गोवर उठल्यासारखा दिसत होता.

नकाशा लागला आणि महिन्याभरात वस्तीच्या तोंडाशी चौकी बसली. मग हुकूम आला. या जागेत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं रोज सकाळी चौकीपुढे बसायचं, नाव पुकारलं की हजर म्हणायचं, मगच कामाला जायचं. बापे आणि बायासुद्धा. बापाच्या वेळी फक्त बापेच होते. हुकुमात जातीचं नाव कुठंच नव्हतं. साहेबानं शब्द पाळला होता.

केळीचं काम पहाटे सुरू होतं. उन्हाच्या आत घड कापून बांधावर आले पाहिजेत. आमची माणसं हजेरी देऊन दापोऱ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. बागवाले चार दिवस थांबले, मग दुसऱ्या गावची माणसं लावली. माय पंधरा वर्षं एकाच बागेत जात होती. तिलाही नको म्हणाले. ती घरी बसली. तिच्या लुगड्यावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच होते, आणि ती ते रोज घासायची. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. मी भाकरी खायचो आणि थान्यात जायचो.

आता गोविंदा. गोविंदा आमच्या शेजारचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा मला खांद्यावर घेऊन तापीवर गेलेला तोच. घड कापण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. एका कोयत्यात घड अलगद खांद्यावर, खाली एक केळं पडू द्यायचा नाही. त्याच्या बागवाल्यानं त्याला सांगितलं, उद्या पहाटे आलास तर काम, नाही तर नको. गोविंदा हजेरी चुकवून गेला. एकच दिवस.

त्याच दिवशी इतवाऱ्यातल्या एका शेठच्या घरून चांदीचा तांब्या गेल्याची तक्रार आली. हजेरीत कोण नव्हतं ते बघितलं. गोविंदा नव्हता. त्याला बागेतून धरून आणला, घराची झडती घेतली आणि तिथं टिंब लावायला मला सांगितलं. मी लावलं. मी टेबलाशी होतो. आतल्या खोलीतून आवाज येत होते आणि मी रूळ धरून रकाने आखत होतो. रेघा सरळ आल्या. दुसऱ्या दिवशी बघितला तर त्याचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता.

पाचव्या दिवशी शेठचा मुनीम आला. तांब्या सापडला म्हणाला. शेठची सून माहेरी लग्नाला घेऊन गेली होती, सांगायची राहून गेली. तक्रार मागं घेतली. मी आनंदानं साहेबाकडे गेलो. म्हटलं, साहेब, गोविंदाला सोडायचं ना? आणि ते टिंब पुसायचं ना?

साहेब शांतपणे म्हणाले, "बिंदी मिटाने का कोई क़ायदा नहीं है. नक़्शा ख़राब होगा."

आणि गोविंदाला सोडलं नाही. तांब्याचं प्रकरण मिटलं, पण हजेरी चुकवली ते होतंच. त्याच्यावर दुसराच खटला लावला, की हा माणूस चोरीवरच जगतो. याच्याकडून चांगल्या वागणुकीचा जामीन घ्यावा, नाही तर वर्षभर आत टाकावं. जामीनदार दोन पाहिजेत आणि इज्जतदार पाहिजेत. वस्तीतला माणूस इज्जतदार धरत नाहीत. आणि पुरावा काय? पुरावा माझा नकाशा. बघा, हा कुठं राहतो ते बघा.

गोविंदाची बायको थान्याच्या फाटकाशी बसलेली असायची. मी जाता-येता मान खाली घालायचो. एकदा ती माझ्याकडे न बघताच बोलली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." एवढंच. मी ऐकलं नाही असं दाखवून आत गेलो.

हे सगळं झालं होतं, गोविंदा कोठडीत होता, तेव्हाच ती मोठ्या साहेबाची तपासणी झाली. म्हणजे मी हसलो ते हे सगळं माहीत असताना हसलो.

त्या दिवशी घरी गेलो. मायनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"त्या कागदावर आपलं घर हाय का रे?"

"हाय."

"त्याच्यावर लाल किती?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. तिनं पुन्हा विचारलं.

"दोन," मी म्हणालो. दोनदा आमच्या घराची झडती झाली होती. दोन्ही टिंबं मीच लावली होती.

"काय चोरलं होतं आपण?"

"काही नाही."

"मंग?"

ती चिडली असती, रडली असती तरी बरं होतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिकलेला पोरगा आहे, सांगेल, असं तिला वाटत होतं. मी ताटावरून उठलो. माझी मला शिसारी आली. तोवर मी स्वतःला समजावत होतो, हुकूम साहेबाचा, रीत दीवानजींची, मी फक्त शाईवाला. त्या "मंग"नंतर ते जमेना. बोट माझं होतं, शाई माझ्या बोटाला लागत होती. आपल्या मायच्या घरावर मी टिंब काढलं आणि ते कोरडं होईपर्यंत फुंकरही घातली होती.

आठवड्यानं गोविंदाच्या खटल्यात मला साक्षीला बोलावलं. नकाशा ज्यानं काढला त्यानं तो खरा आहे असं सांगावं लागतं. साहेबानं मला आदल्या दिवशी बसवून पाठ करून घेतलं. तीन वाक्यं. नकाशा मी काढला. थान्याच्या वहीवरून काढला. नकाशा बरोबर आहे. मग चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाले, तुझी नोकरी पक्की करतो. परकोटाच्या दरवाज्याच्या आत, शहरात, एक खोली रिकामी आहे, तीही देतो. "उस गंदगी से निकल जा. तू उन जैसा नहीं है."

मी चहा प्यालो. खोटं कशाला बोलू, ती खोली मी मनातल्या मनात लावूनही टाकली. मायची चूल कुठं, माझी पेटी कुठं. घरी येईपर्यंत मी हो म्हणायचं ठरवलं होतं.

कोर्टात गोविंदा कठड्याशी उभा होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडे त्यानं एकदाच बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, त्याला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती. हा थान्याचा माणूस, थान्याचं बोलणार. त्या नजरेनं माझं ठरलेलं सगळं मोडलं.

पहिलं वाक्य बोललो. नकाशा मी काढला. दुसरं बोललो. थान्याच्या वहीवरून काढला. तिसऱ्याला अडलो. सरकारी वकील म्हणाला, "हाँ, और सही है?"

"खोटा आहे," मी म्हणालो.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता. चोऱ्या इतवाऱ्यात झाल्या, टिंबं वस्तीत लावली. जिथं झडती तिथं टिंब, सापडो न सापडो. माझ्या घरावर दोन आहेत, काही सापडलं नव्हतं. चांदीचा तांब्या शेठच्या सुनेकडे होता, त्याचंही टिंब गोविंदाच्या घरावर आहे, वही काढून बघा. सगळं मीच लावलं. माहीत असून लावलं.

साहेबाचा चेहरा मी बघितला नाही. सरकारी वकील क्षणभर गोंधळला, मग सावरला. त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"तुम रहते कहाँ हो?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

तो मॅजिस्ट्रेटकडे वळला. "गवाह उसी बस्ती का है, हुज़ूर."

झालं. मॅजिस्ट्रेटनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. साक्षीदार आरोपीच्याच वस्तीतला, त्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही. नकाशा मात्र पुराव्यात राहिला. इज्जतदार जामीनदार मिळाले नाहीत. गोविंदाला एक वर्षाची कैद झाली.

मी तिथंच बाकावर बसून राहिलो. मी खोटं लिहीत होतो तेव्हा मी कुठं राहतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी माझं प्रत्येक टिंब खरं मानलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, तर वस्ती आडवी आली. तेव्हा मला साहेबाचं ते पहिल्या दिवशीचं वाक्य कळलं. जात लिहायची नाही, जागा लिहायची. आम्हाला ती जागा दिली कुणी? परकोटाच्या बाहेर, उतारावर, पुराच्या तोंडाशी आम्ही काय हौसेनं गेलो होतो? जात बघूनच तिथं बसवलं, आणि आता जागा बघून धरतात. नाव बदललं, हजेरी तीच.

नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या सकाळी हजेरीत माझं नाव पुकारलं. मी रांगेत जाऊन बसलो. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली नाही. मला कुणी शाबास म्हटलं नाही, आणि म्हणायला नकोच होतं. कोर्टात एकदा खरं बोललो म्हणून मी स्वच्छ झालो असं कुणी समजू नये. गोविंदा वर्षानं सुटला. हात वाकडाच जुळला होता. पुन्हा घड त्याच्या खांद्यावर कधी आला नाही. मी त्याच्याकडे गेलो, म्हणालो, दादा, चुकलं. तो म्हणाला, "हव, चुकलं." पाणी दिलं. माफ केलं असं म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही.

नंतर मास्तरांनी इतवाऱ्यात भाड्याची खोली बघून दिली. म्हणाले, पत्ता बदल, म्हणजे नोकरी मिळेल. मी नाही म्हणालो. मास्तर दुखावले, पण माझा इलाज नव्हता.

तेव्हापासून मी वस्तीतच राहतो आणि वस्तीचे अर्ज लिहितो. ज्या तक्रारीचं टिंब मी खोटं लावलं, तिची एकेक हकीकत मला तोंडपाठ आहे. दर महिन्याला एक अर्ज. अमुक चोरी इतवाऱ्यात झाली, टिंब आमच्या घरावर आहे, ते मी लावलं, ते खोटं आहे, पुसा. बहुतेकांना उत्तर येत नाही. एक-दोन परत आले, अर्जावर वस्तीचा पत्ता लिहू नका असा सल्ला घेऊन. मी पत्ता पहिल्या ओळीतच लिहितो, नावाच्या आधी, ठळक, माझ्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात. या वस्तीतून बोललेलं खरं मानावं लागत नाही, तोवर मी दुसरीकडून बोलणार नाही. आणि वस्तीतल्या कुणाबद्दल एक अक्षरही, त्याच्या तोंडावर वाचून दाखवल्याशिवाय, माझ्या हातून पुन्हा कागदावर जाणार नाही.